सगळ्यांच्या मुठीतली गुंज

कोणे एके काळी, म्हणजे आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही जो काळ ऐकूनच माहीत होता अशा काळी, डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथले लोक भांडायला येतील, आणि बाकीच्या गावांना उगीच वाटेल की ही गोष्ट आपली नव्हे.

गावामधून एक ओढा वाहायचा. अलीकडे देऊळ, चावडी आणि शाळा. पलीकडे वाडी. शाळेत येणारी बहुतेक पोरं वाडीची. ओढ्यावर साकव होता. सागाचे दोन ओंडके शेजारी शेजारी टाकून वेलींनी करकचून बांधलेले, धरायला काही नाही. पोरांना त्याची सवय होती. ती त्यावरून पळतसुद्धा जायची.

शाळा भरायची उशिरा. सकाळी पोरं शेण काढायची, गुरं सोडायची, मग भाकरी खाऊन यायची. दुपारी जुन्या पंतोजींना वामकुक्षी लागायची. त्यामुळे शाळा सुटायची ती थेट दिवेलागणीला. हे असंच चालत आलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

या शाळेची एक रीत होती. पाडव्याच्या दिवशी एकेक मूल पंतोजींसमोर जायचं. पंतोजी शालीखालून हात काढून त्याच्या मुठीत एक बी ठेवायचे. सगळ्यांना चिंचोका मिळायचा, एकालाच गुंज. ती लालभडक गुंज ज्याच्या मुठीत आली तो वर्षभर पंतोजींचा हेर. कोण काय बोललं, कोणी काय केलं, ते त्याने पंतोजींच्या कानात सांगायचं. पण आपली मूठ कुणापुढे उघडायची नाही. उघडली तर आलेली विद्या जाते, असं मुलांच्या मनावर बिंबवलेलं होतं.

आता तुम्हीच सांगा, अशा शाळेत कोण कुणाशी मोकळं बोलणार? बोलायच्या आधी प्रत्येक जण शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचा. हा तर गुंजवाला नसेल? ती तर नसेल? हसू आलं तरी मुलं ते हाताने दाबून धरायची.

पंतोजींचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा गावाने शहरातून नवे गुरुजी आणले.

नवे गुरुजी विद्वान होते. मनाने वाईट नव्हते. पण स्वभाव भारी संशयी. लहानपणी ते ज्यांच्या घरी राहून शिकले, तिथे सोबतच्या मुलांनी त्यांच्या भातात खडे मिसळले होते, आणि गुरुजी ते कसे चावतात हे बघत सगळी हसली होती. तेव्हापासून चार मुलं एकत्र हसली की गुरुजींना वाटायचं, आपलीच टिंगल चालली आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे गुरुजी पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

पहिल्याच दिवशी पंतोजींनी त्यांना शाळेशेजारच्या आपल्या घरी बाजल्यापाशी बसवून घेतलं.

"मुलं दिसतात साधी," पंतोजी म्हणाले. "पण आतल्या गाठीची असतात हो. गुंज दिल्याशिवाय राहू नका."

"आणि गुंजवालाच खोटं बोलला तर?"

पंतोजींचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. हा प्रश्न त्यांना उभ्या हयातीत पडला नव्हता.

"मग त्याच्यावर दुसरा नेमावा."

"आणि दुसऱ्यावर?"

"तिसरा!" पंतोजी वैतागून म्हणाले आणि त्यांनी तंबाखूचा बार भरला.

गुरुजी घरी आले, विचार करत बसले आणि त्यांना एक नामी युक्ती सुचली. पाडव्याला एकेक मूल समोर आलं. गुरुजींनी शालीखालून हात काढला आणि प्रत्येकाच्या मुठीत गुंजच ठेवली. चिंचोका एकालाही नाही. प्रत्येकाला वाटणार, गुरुजींनी निवडलं ते फक्त मला. प्रत्येक जण बाकीच्या सगळ्यांवर नजर ठेवणार. आता शाळेत पान जरी हललं तरी ते आपल्याला वीस तोंडांनी कळेल, म्हणून गुरुजी स्वतःवर खूश झाले.

पण मुलांनी आपापली मूठ उघडून पाहिली तेव्हा काय झालं ते ऐका. कुणी गोठ्यामागे पाहिली, कुणी कणगीच्या आडोशाला, कुणी विहिरीवर. आणि गुंज दिसल्यावर घाबरण्याऐवजी प्रत्येकाच्या छातीवरचा धोंडा उतरला. प्रत्येकाने मनात म्हटलं, बरं झालं गुंज माझ्याकडेच आली. आता सोनकीचं कुणाला कळणार नाही.

सोनकी वाडीतली मुलगी. तिच्या आईची एकुलती एक. शाळेत सगळ्यांत वळणदार अक्षर तिचं. दिवसा तिला झाडावरची मुंगी दिसायची. पण सूर्य डोंगराआड गेला की तिला दिसेनासं व्हायचं. ती रातांधळी होती.

हे गुरुजींना ठाऊक नव्हतं, मुलांना मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ती ते का लपवत होती? तर काही वर्षांपूर्वी याच शाळेत भागी नावाची एक मुलगी होती. बोलताना तिची जीभ अडायची. गुंजवाल्याने ते पंतोजींना सांगितलं. पंतोजी म्हणाले, "जिची जीभ चालत नाही तिला विद्या कशाला?" आणि भागीला घरी बसवलं. भागी आता ओढ्याकाठी शेळ्या राखायची आणि शाळेतून पाढ्यांचा आवाज आला की तिकडे पाठ करून बसायची. ती पाठ वाडीतलं प्रत्येक पोर रोज बघायचं. सोनकीला तर शाळा जिवापलीकडे आवडायची. आपली भागी होऊ नये एवढंच तिला हवं होतं.

म्हणून रोज शाळा सुटली की मुलं एकमेकांचे हात धरून रांगेने निघायची. सोनकी मध्ये. पुढच्याचा हात ओढला गेला की पाऊल पुढे, दाबला गेला की थांबायचं. साकवावरून अशीच ती पार व्हायची. एकमेकांचा भरवसा नसलेली ती मुलं एवढ्या एका कामात मात्र एक होती.

इकडे शाळेत बातम्या यायला लागल्या. मूल रांजणावर पाणी प्यायला उठायचं आणि जाता जाता गुरुजींच्या कानाशी लागायचं.

"गुरुजी, धोंडूनं काल तुमच्या दारचा पेरू तोडला."

"गुरुजी, म्हाळू पोथी वाचताना झोपतो."

म्हाळू हा सगळ्यांत दांडगा पोरगा. तो तर येऊन म्हणाला, "गुरुजी, तुमच्या धोतराला शाई लावली ती म्याच."

गुरुजी चक्रावले. वीस हेर, आणि बातमी काय, तर पेरूची! एवढी सज्जन मुलं जगात असतात का? नाही. म्हणजे मोठं काहीतरी दडवायला ही बारीकसारीक गाऱ्हाणी पुढे केली जात आहेत. इथे गुरुजींचा तर्क अगदी बरोबर होता. काय दडवलं जात आहे, तेवढंच त्यांना सुचत नव्हतं.

मग त्यांची नजर संध्याकाळच्या रांगेवर गेली. ही मुलं दिवसभर एकमेकांशी धड बोलत नाहीत, आणि शाळा सुटली की हात धरून, डोकी जवळ आणून, कुजबुजत जातात. हा काय प्रकार? त्यांनी एकेका गुंजवाल्याला आडबाजूला घेऊन विचारलं.

"साकवावर भूत हाय गुरुजी," एक म्हणाला.

"देवीला नवस केलाय आमी," दुसरी म्हणाली.

"थंडी वाजती," धोंडू म्हणाला. तेव्हा चैत्रातली उन्हं होती.

तीन तोंडं, तीन उत्तरं. गुरुजींची खात्रीच पटली की हा कट आहे. त्यांना रात्रीचं जेवण गोड लागेना. भाताचा घास घेताना ते आधी बोटांनी चाचपून बघायला लागले.

एका संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, त्यांनी सोनकीला पुढे बोलावलं. रांगेत ती नेहमी मध्ये असते हे त्यांनी हेरलं होतं.

"ये इकडे. हे पान वाच."

सोनकी उठली. हात किंचित पुढे धरून दोन पावलं आली आणि गुरुजींच्या तांब्याला तिचा पाय लागला. तांब्या गडगडला, पाणी पोथीपर्यंत गेलं. मग म्हाळू उठला आणि मुद्दामच रांजणाला धडकला. त्याच्यामागे धोंडू धडपडला. सगळी मुलं मोठ्याने हसायला लागली. सोनकीचं अडखळणं एक खोडी वाटावी, एवढाच त्यांचा बेत होता.

पण गुरुजींच्या कानात ते जुनंच हसू वाजलं. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी पोथी पुसली, शाळा सोडली आणि तडक पंतोजींचं घर गाठलं.

"फोडा त्यांना," पंतोजी म्हणाले. "मोळी मोडत नाही, काटकी मोडते. एकेकाला सुटं सोडा."

दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेच्या दारात उभे राहिले.

"आजपासून एकेकाने निघायचं. पहिला साकवापलीकडे पोचला की दुसरा. हात धरायचा नाही. वाटेत थांबायचं नाही. अलीकडच्या काठाला कोणी रेंगाळताना दिसला तर उद्यापासून त्याला शाळा बंद."

मुलांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हाळू पुढे आला.

"गुरुजी, सोनकीला पयली सोडा."

"का?"

"तिची आय वाट बगती."

"तुझी नाही बघत?"

म्हाळूने मान खाली घातली. गुरुजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे सगळ्याच्या मुळाशी हीच पोरगी! हिला वाचवायला सगळे धडपडतात!

"सोनकी शेवटी जाईल," ते म्हणाले.

एकेक करून मुलं निघाली. प्रत्येक जण जाताना मागे वळून बघायचा. गुरुजींना तेही खटकत होतं. शेवटी शाळेत दोघंच उरली. बाहेरचा उजेड पिवळ्याचा राखाडी झाला.

"हं, आता सांग," गुरुजी म्हणाले. "काय चाललंय तुमचं?"

सोनकी परकराचा काठ बोटाला गुंडाळत उभी होती. तिच्याही मुठीत पाडव्याला गुंजच आली होती. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. गुंजवाल्याने सगळं सांगायचं असतं. मग आपण आपलंच सांगायला हवं का? गुरुजींनी म्हणूनच आपल्याला गुंज दिली असेल का? आज तिने धीर गोळा केला.

"गुरुजी, एक इचारू? एकाद्या पोरीत काय कमी आसंल, तर तुमी तिला घरी बसवता का?"

गुरुजींनी तेव्हा नुसतं "काय झालं बाळ?" असं विचारलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी तुम्हाला सांगत बसलो नसतो. पण संशयाने पछाडलेल्या माणसाला प्रश्न ऐकू येत नाही, त्यामागचा डावच ऐकू येतो.

"कुणाबद्दल बोलतेस? आधी नाव सांग."

सोनकी मागे सरली. "कुणाबद्दल न्हाई."

"मग नीघ."

ती भिंत चाचपत दारापर्यंत गेली, पायरी पायाने शोधली आणि उतरली. गुरुजींना वाटलं, काय नाटकी पोर आहे! तिला जाऊ दिलं आणि अंतर ठेवून ते तिच्या मागे निघाले. काळजीने नव्हे, खोटं कशाला बोलू? पुढे कुठेतरी ही सगळी भेटणार आणि आज आपण त्यांना रंगेहाथ पकडणार, म्हणून निघाले.

वाट पायाखालची असल्यामुळे सोनकी ओढ्यापर्यंत पोचली. तिथे ती थांबली. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हलक्या आवाजात गाणं सुरू झालं.

"चाल गं चिमणे, टाक गं पाय, पल्याड उभी तुझी माय..."

मुलं घरी गेलीच नव्हती. अलीकडे थांबायला बंदी होती, पलीकडे नव्हती. तिथे दाटीवाटीने उभी राहून ती गात होती. सोनकी गुडघ्यांवर बसली, हाताने ओंडका चाचपला आणि आवाजाच्या रोखाने रांगत निघाली. गाणं समोर आहे तोवर वाट सरळ आहे, एवढा हिशोब तिला पुरेसा होता.

गुरुजी करंजाच्या झाडाआड उभे होते. त्यांना संधिप्रकाशात पलीकडच्या सावल्या दिसल्या. गाणं ऐकू आलं. सापडले, त्यांना वाटलं. खुणेचं गाणं आहे हे! ते झाडाआडून बाहेर आले आणि ओरडले, "कोण आहे तिकडे? खबरदार!"

गाणं तुटलं. मुलं भीतीने गप्प झाली. साकवाच्या मधोमध सोनकीला एकदम कुठलीच दिशा उरली नाही. ती मागच्या आवाजाकडे वळायला गेली, तिचा हात ओंडक्यावर पडायच्या ऐवजी हवेत पडला, आणि ती ओढ्यात गेली.

म्हाळूने पलीकडून उडी टाकली. गुरुजी अलीकडून धावले, धोतर दगडात अडकून फाटलं, त्यांना ते कळलंही नाही. पाणी खोल नव्हतं, पण ओढ होती आणि तळाला धोंडे होते. दोघांनी मिळून तिला ओढून पलीकडच्या काठावर आणलं. तिचा डावा हात कोपराखाली वाकडा झाला होता. ती रडत नव्हती. उघड्या डोळ्यांनी भलतीकडेच बघत होती.

गुरुजींनी तिच्या तोंडापुढून हात फिरवला. पापणी लवली नाही.

"हिला दिसत नाही?" त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"सांजचं न्हाई दिसत," धोंडू म्हणाला. "पयल्यापासनंच."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

तेव्हा म्हाळू उसळला. ओल्या मुंडाशाच्या टोकाची गाठ त्याने दातांनी सोडली आणि गुंज काढून गुरुजींच्या पुढ्यात टाकली.

"ही घ्या तुमची गुंज! विद्या जायची तर जाऊ द्या. मला मिळाली म्हून बरं वाटलं हुतं. म्हनलं, आपुन न्हाई सांगितलं तर कोनच सांगनार न्हाई."

"तुझ्याकडं?" धोंडू म्हणाला. "माझ्याकडं हाय की."

"माझ्याकडं हाय," एक मुलगी पुटपुटली.

कुणाच्या कनवटीतून, कुणाच्या चोळीच्या गाठीतून, एकेक गुंज बाहेर आली. मुलं आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग सगळ्यांनी मिळून गुरुजींकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या हेराला ती शेजाऱ्यात शोधत होती, तो त्यांना सापडला होता. त्या शाळेत कट करणारा एकच जण होता आणि तो गुरूच्या आसनावर बसत होता. गुरुजींना ओढ्याच्या पाण्याने भरली नव्हती तेवढी हुडहुडी त्या नजरांनी भरली.

दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी आलं नाही. पंतोजी बाजल्यावरून ओरडले, "धाक बसला बघा! झकास!" गुरुजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ते साकव ओलांडून सोनकीच्या घरी गेले.

सोनकीची आई दारातच आडवी उभी राहिली.

"शाळंतनं नाव काढाया आलात न्हवं? काढा. पर पोरीला आत्ता सांगू नका. हाताचं दुखनं तरी उतरू द्या."

गुरुजींनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. आईने बराच वेळ त्यांच्याकडे संशयाने पाहिलं आणि बाजूला सरली.

सोनकी ओसरीत घोंगडीवर पडली होती. हाड बसवणाऱ्या बाईने तिच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. गुरुजी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते सगळं विसरले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी तिला भातातल्या खड्यांची गोष्ट सांगितली. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सोनकीने ऐकून घेतलं. "आमी न्हाई घातले तुमच्या भातात खडे," ती म्हणाली.

"नाही. तुम्ही नाही घातले."

अंगणात कोंबड्या उकरत होत्या.

"यापुढे उन्हं डोंगरावर असतानाच शाळा सुटेल," गुरुजी म्हणाले. "लवकर भरवू, लवकर सोडू. तू दिसत असताना घरी पोचशील."

सोनकी त्यांच्याकडे बघत राहिली. दिवस होता, तिला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"येवढंच करायचं हुतं?"

"एवढंच."

"मग आदी का न्हाई केलंत?"

"तुझ्याबद्दल मी सगळ्यांना विचारत बसलो पोरी. तुलाच विचारायचं राहून गेलं."

आता तुम्हाला वाटेल, झालं, सगळं सुरळीत झालं. तसं काही झालं नाही. विश्वास म्हणजे काही गवत नव्हे, एका पावसात उगवायला. सोनकी शाळेत परतली म्हणून बाकीची मुलं परतली, पण म्हाळू दाराजवळच बसायचा, पळून जायला सोपं म्हणून. गुरुजींनी कुणाची विचारपूस केली की मुलं एकमेकांकडे बघायची. यात काय डाव आहे? गुरुजी गोड बोलले की जास्तच भ्यायची. गुरुजींना राग यायचा, मग आठवायचं की आपण कमावलंय तेच हे, आणि ते गप्प बसायचे. ते भागीलाही बोलवायला गेले. ती आली नाही. शेळ्या घेऊन ती दुसऱ्या कुरणाकडे निघून गेली. पुन्हा गेले, तरीही आली नाही. सगळंच भरून येतं असं नाही.

गुरुजींनी एकच केलं. आसन सोडलं आणि ते मुलांमध्ये बसायला लागले. कुणाबद्दल कुणाला विचारणं बंद केलं. ज्याचं त्यालाच विचारायचे, आणि सांगितलं नाही तर वाट बघायचे. स्वतःला एखादं गणित आलं नाही तर "मला येत नाही रे" असं सरळ म्हणायचे. हे ऐकून मुलं आधी घाबरली, मग नवलाने बघायला लागली.

असे बरेच महिने गेले. एके दिवशी सगळे मोठ्याने पाढे म्हणत होते. मध्येच म्हाळू उठला. दारापासून चालत गुरुजींच्या पुढ्यात आला. त्याचे कान लाल झाले होते.

"गुरुजी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला पाडे येत न्हाईत. मी नुसते ओठ हलवतो. पयल्यापासून."

हे कुणी त्याच्याबद्दल कुजबुजलं नव्हतं, त्यानेच येऊन सांगितलं होतं.

गुरुजींच्या मनात जुना संशय अजिबात उठला नाही असं नाही. उठला. हा आपली गंमत तर करत नाही? पण त्यांनी म्हाळूच्या तोंडाकडे पाहिलं. दांडगट पोराची हनुवटी थरथरत होती.

"कुठे अडतं?" त्यांनी विचारलं.

"सातापासनं."

"बस इथे," गुरुजी म्हणाले आणि सरकून त्यांनी आपल्या शेजारी जागा केली. "सातापासून सुरू करू."

मग धोंडू म्हणाला की त्याला जोडाक्षरं येत नाहीत. एक मुलगी म्हणाली की तिला गुरुजींच्या आवाजाची भीती वाटते. एकाला भूक लागली होती, त्यानेही ते सांगून टाकलं. इतका गलका झाला की पंतोजींनी आपल्या बाजल्यावरून ओरडून विचारलं, "शाळा आहे का बाजार?" त्यांना उत्तर द्यायला कुणालाच सवड नव्हती.

तात्पर्य : पाळत ठेवणाऱ्या गुरूला मुलांच्या खोड्या कळतात, मुलांचं मन कळतं ते त्यांच्याजवळ बसणाऱ्याला.